वाचकांचे प्रश्न : ठोका माणसाच्या हातचा

गेल्या अंकात मी 'डॅफ्ट पंक' या फ्रेंच जोडीच्या 'रँडम ॲक्सेस मेमरीज' या अल्बमविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. नाचाच्या संगीतातला हा माझा सर्वांत लाडका स्टुडिओ अल्बम आहे आणि तो पहिल्या गाण्यापासून तेराव्यापर्यंत सलग ऐकावा, एवढंच म्हटलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देते आहे. काही पत्रं रागावलेली आहेत. ती मी दोनदा वाचली.

प्रश्न : मी लहान मुलांना नाच शिकवते. तुमचं वाचून हा अल्बम वर्गात लावला. पहिल्या गाण्याला मुलं नाचली, दुसऱ्याला रेंगाळली आणि तिसऱ्याला चक्क खाली बसली. इतक्या संथ गाण्यांना नाचाचं संगीत का म्हणायचं?

उत्तर : मुलांचं काही चुकलं नाही. तिसरं गाणं नऊ मिनिटांचं आहे आणि त्याच्या सुरुवातीला एक वयस्कर गृहस्थ स्वतःची हकिगत सांगतात. तिथे मीही बसूनच ऐकते. त्यांच्याकडे पुढे येऊ, आधी वेगाचं बघू.

याच जोडीचं २००० साली आलेलं 'वन मोअर टाइम' मिनिटाला १२३ ठोक्यांचं आहे. या अल्बममधलं 'गेट लकी' ११६ ठोक्यांचं, तर 'लूज युवरसेल्फ टू डान्स' जेमतेम १०० ठोक्यांचं. म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर 'वन मोअर टाइम'मध्ये साधारण ०.४९ सेकंद आणि 'लूज युवरसेल्फ'मध्ये ०.६ सेकंद. फरक सेकंदाच्या नवव्या हिश्शाएवढा. कागदावर तो काहीच वाटत नाही, पण तुम्ही नाच शिकवता, तेव्हा एवढ्या वेळात शरीर काय काय करू शकतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. १२३ला पाय उचलला की लगेच टेकवावा लागतो. उड्या मारता येतात, हात वर फेकता येतात. १००ला गुडघा वाकवून, कंबर एका अंगाला नेऊन परत आणायला सवड मिळते. अल्बम संथ आहे खरा, पण त्याला उड्या नको आहेत. त्याला तुमची कंबर आणि खांदे हवे आहेत.

दुसरी गोष्ट ठोक्याच्या जागेची. ड्रम मशीनला सांगितलं की ते प्रत्येक ठोका आखलेल्या रेघेवर नेमका ठेवतं, आणि प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा. माणूस तसं करत नाही. चांगला ड्रमवादक लयीला पक्का असतो, पण स्नेअर, म्हणजे तो कडक आवाजाचा ड्रम, किंचित मागे ठेवेल, हाय-हॅटचा, म्हणजे झांजांच्या जोडीचा, एक आघात हलका, दुसरा भारी मारेल. हे फरक सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजायचे असतात. कानाला ते वेगळे ऐकू येत नाहीत, मानेला मात्र कळतात.

मी तीस वर्षं रेकॉर्डिंगच्या काचेमागे काढली. कामाला लागले त्या काळात एका ड्रमवादकाचे एकाच गाण्याचे दोन टेक घेतल्याचं आठवतं. एक कानात क्लिक, म्हणजे ठरल्या वेगाने पडणारी टिकटिक, लावून, दुसरा क्लिक काढून. घड्याळाला पहिला बरोबर होता. दुसरा वाजवून पाहिला तेव्हा खोलीतल्या चहा देणाऱ्या मुलापासून सगळ्यांचे पाय हलायला लागले. आम्ही दुसरा ठेवला.

या अल्बमवर ड्रम वाजवणारे मुख्य दोघं म्हणजे ओमर हकीम आणि जॉन रॉबिन्सन. मायकल जॅक्सनच्या 'ऑफ द वॉल'वर जे ड्रम ऐकू येतात ते या रॉबिन्सन यांचे. त्यांच्यासोबत बेसवर नेथन ईस्ट. आणि 'गेट लकी'त डावीकडून उजवीकडून जी कुरकुरीत गिटार चालते ती नाईल रॉजर्स यांची. ती वाजवण्याची रीत मुलांना जरूर दाखवा. उजवा हात एका मात्रेत चार वेळा, न थांबता वरखाली जातो. स्वर कुठला वाजणार आणि कुठे नुसती 'चिक' येणार, हे डावा हात तारांवरचा दाब सोडून ठरवतो. म्हणजे गिटार निम्मा वेळ तालवाद्यच असते.

वर्गात असं करून पाहा. 'लूज युवरसेल्फ टू डान्स' लावा आणि मुलांना सांगा, पाय अजिबात हलवायचे नाहीत, फक्त खांदे. मग गप्प राहा. पाय किती वेळ दम धरतात ते मला कळवा.

प्रश्न : हे दोघं हेल्मेट घालून यंत्रमानव का बनतात? आणि सगळं इतरांनीच वाजवलं असेल तर या दोघांनी केलं काय?

उत्तर : हेल्मेटामागे आहेत तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमें-क्रिस्तो. दोघं पॅरिसच्या लिसे कार्नो या शाळेत भेटले. आधी त्यांनी मित्रासोबत गिटारचा बँड काढला होता. एका ब्रिटिश साप्ताहिकाने त्या बँडच्या संगीताला वेडगळ पंक धिंगाणा अशा अर्थाचे शब्द वापरले आणि त्या झोडपणीतूनच पुढे यांनी आपलं नाव घेतलं. हेल्मेटं २००१च्या 'डिस्कव्हरी' या अल्बमपासूनची. आमच्या चेहऱ्यांकडे बघू नका, ऐका, हा त्यामागचा हट्ट. मला तो मनापासून पटतो.

त्यांनी काय केलं? रचना त्यांच्या, निर्मिती त्यांची, सिंथेसायझर त्यांचे आणि तो यंत्रमानवाचा आवाजही त्यांचाच. तो आवाज व्होकोडरमधून येतो. आपला आवाज हे उपकरण बारीक-जाड अशा अनेक पट्ट्यांत वाटून घेतं, कुठल्या पट्टीत या क्षणी किती जोर आहे ते मोजतं आणि तोच जोर सिंथेसायझरच्या त्या त्या पट्टीला देतं. सूर यंत्राचा राहतो आणि त्याला तोंड तुमचं मिळतं. चौथं गाणं 'विदिन' ऐका. चिली गोन्झालेस यांचा पियानो, आणि त्यावर मी कोण आहे हेच मला ठाऊक नाही असं सांगणारा तो धातूचा आवाज. व्होकोडरने कुणाला रडू आणलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला आणलं.

बाकी, वाजवणाऱ्यांना बोलावणं, कुणाच्या हाताला काय शोभेल ते ओळखणं, तासन् तास वाजवून घेतलेल्यातून नेमके तुकडे निवडून जोडणं, हेही काम आहे. माझ्या मते अल्बमचं निम्मं काम तेच आहे.

प्रश्न : तिसऱ्या गाण्यातल्या त्या बोलणाऱ्या गृहस्थांसाठी म्हणे तीन वेगवेगळ्या काळांतले मायक्रोफोन लावले होते. ऐकणाऱ्याला फरक कळणार आहे का? मला हा निव्वळ श्रीमंती बडेजाव वाटतो.

उत्तर : नाही, कळत नाही, आणि गंमत म्हणजे हा प्रश्न सर्वांत आधी त्या गृहस्थांनीच विचारला होता. ते जॉर्जो मोरोडर. १९४०चा जन्म, उत्तर इटलीच्या डोंगराळ भागातला. त्यांना कुणी गायला सांगितलं नाही, वाजवायला सांगितलं नाही. फक्त आयुष्याबद्दल बोला म्हटलं. समोर जुन्यापासून आजच्यापर्यंतचे मायक्रोफोन मांडलेले. हा फरक ओळखणार कोण, असं त्यांनी विचारलं. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं उत्तर असं होतं की दुसरं कुणी नाही, पण बांगाल्तेर यांना कळेल. ही हकिगत मोरोडर स्वतः सांगतात.

तुम्हाला यात बडेजाव दिसतो. मला माझं टेबल दिसतं. टेप ब्लेडने कापून जोडायचे दिवस होते. पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, तिरका छेद द्यायचा, पांढरी चिकटपट्टी लावायची. एकदा एका गायिकेचा श्वास अर्ध्यात कापला गेला, म्हणून मी तिच्या दुसऱ्या ओळीतला श्वास शोधून तिथे चिकटवला. तो शोधायला रात्रीचे दोन वाजले. त्या गाण्यात काही वेगळं आहे असं आजवर कुणीही म्हटलेलं नाही. मला मात्र तो श्वास दर वेळी ऐकू येतो आणि दर वेळी बरं वाटतं. ज्याचं काम आहे त्याला कळतं, एवढं कारण मला पुरतं.

आणि गाणं म्हणून ते काय आहे ते पाहा. १९७७ साली मोरोडर आणि त्यांचे सहकारी पीट बेलॉट यांनी गायिका डोना समर यांच्यासाठी 'आय फील लव्ह' केलं. जवळजवळ सगळं 'मूग' नावाच्या सिंथेसायझरवर. आजचं इलेक्ट्रॉनिक नाचसंगीत ज्या झाडाला लागलं आहे त्याचं मूळ तिथे सापडतं. पण त्या यंत्राला किक ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, घट्ट ठोका काही जमेना. म्हणून त्या पुढे पाहणाऱ्या गाण्यातला ठोका कीथ फोर्सी नावाच्या माणसाने पायाने दिला. हे ज्याला माहीत आहे, त्याने तिसरं गाणं शेवटपर्यंत पुन्हा ऐकावं. मोरोडर क्लिकविषयी बोलतात तेव्हा क्लिक सुरू होतं, त्यावर सिंथेसायझर धावू लागतो, पुढे तंतुवाद्यं येतात आणि अखेरीला ओमर हकीम त्या यंत्राच्या छातीवर बसून असे ड्रम वाजवतात की मी हातातलं काम खाली ठेवते.

प्रश्न : हा अल्बम माझ्या इतर गाण्यांपेक्षा हळू आवाजात वाजतो. प्रत खराब असेल का?

उत्तर : प्रत चांगली आहे, आवाज वाढवा. पुष्कळ अल्बम शेवटच्या टप्प्यावर इतके दाबून मोठे केले जातात की हळू आणि जोरकस यांत अंतरच उरत नाही. इथे ते जपलं आहे, त्यामुळे ड्रमचा आघात आजूबाजूच्या शांततेतून वर उसळतो. वाजवलेलं टेपवरही घेतलं होतं आणि संगणकावरही. मग मिक्सिंग करणारे मिक गुझाउस्की आणि हे दोघं दोन्ही ऐकून, जे कानाला बरं ते ठेवत गेले. २०१४च्या ग्रॅमीमध्ये हा अल्बम आणि त्यातलं 'गेट लकी' यांना मिळून पाच पुरस्कार मिळाले, त्यांत ध्वनिमुद्रणाच्या कारागिरीचाही होता. माझा सर्वांत आवडता तोच.

प्रश्न : तुमच्यावर राग आहे. इलेक्ट्रॉनिक संगीताचा अभिमान काय होता? पैसे नसलेल्या पोराने स्वतःच्या खोलीत, दोन-चार यंत्रांवर सगळ्या जगाला नाचवावं. याच दोघांनी १९९७मध्ये 'होमवर्क' पॅरिसमधल्या झोपायच्या खोलीत केला. मग हॉलिवूडचे महागडे स्टुडिओ आणि नावाजलेले वादक घेऊन, यंत्र सोडून परत माणसांकडे जाणं ही फितुरी नाही का?

उत्तर : तुमचं पत्र मला सर्वांत जास्त आवडलं, कारण तुम्हाला या संगीताची कळकळ आहे. 'होमवर्क'बद्दल तुम्ही म्हणता ते अक्षर न् अक्षर मान्य. पुढचंही मीच सांगते. २००५चा 'ह्यूमन आफ्टर ऑल' त्यांनी सहा आठवड्यांत, मोजक्या साधनांवर उरकला होता, आणि या अल्बमला काही वर्षं लागली. हेन्सन स्टुडिओत काम झालं, ती जागा म्हणजे चार्ली चॅप्लिनने १९१७ साली बांधलेला फिल्म स्टुडिओ. खर्च झालाच असणार.

पण ते खोलीतलं संगीत कुठून आलं, तिथून सुरुवात करू या. १२ जुलै १९७९ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांमध्ये डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला गेला आणि जमाव मैदानात घुसला. डिस्को मुख्यतः काळ्या, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या नाचघरांतून वर आलेलं संगीत. त्या रात्रीचा रोख कुणावर होता हे त्यांना बरोबर कळलं. त्यानंतर रेडिओने डिस्कोकडे पाठ फिरवली. नाईल रॉजर्स यांच्या 'शीक' बँडला पुन्हा तसं मोठं यश मिळालं नाही. आणि त्याच शिकागोत, फ्रँकी नकल्स जिथे रेकॉर्ड लावत त्या वेअरहाउस या क्लबभोवती, लोकांनी डिस्कोच्या जुन्या तबकड्या आणि रोलंड कंपनीची ड्रम मशीन घेऊन हाउस संगीत घडवलं. मोठा वाद्यवृंद परवडत नव्हता, म्हणून यंत्र आलं. तुमचा तो खोलीतला मुलगा या घराण्यातला.

पॅरिसची ही जोडी त्यानंतरच्या पिढीतली. बांगाल्तेर यांचे वडील डॅनियल व्हँगार्ड स्वतः डिस्कोची गाणी करणारे. या दोघांनी जुन्या तबकड्यांतून दोन-दोन सेकंदांचे तुकडे उचलले आणि त्यांवर घरं बांधली. 'हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर'चा कणा एडविन बर्डसाँग यांच्या १९७९च्या गाण्यातला आहे. त्या तुकड्यांत कुणाचा तरी अंगठा बेसवर आपटत होता, कुणाचा तरी पाय किकवर पडत होता. आपण सगळे वर्षानुवर्षं त्या हातापायांवर नाचलो आणि त्यांची नावं आपल्याला माहीत नव्हती.

म्हणून मला या अल्बममध्ये फितुरी दिसत नाही. तुकडे जिथून उचलले, त्या माणसांच्या दाराशी हे दोघं गेले आणि म्हणाले, या, तुम्हीच वाजवा. तेरा गाण्यांत उसना तुकडा फक्त शेवटच्या 'काँटॅक्ट'मध्ये आहे. नाईल रॉजर्स यांची गिटार त्यांनी न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत घेतली. 'शीक'चं पहिलं गाणं तिथेच ध्वनिमुद्रित झालं होतं आणि रॉजर्स त्याच वस्तीत वाढले. त्यांचे बेसवादक मित्र बर्नार्ड एडवर्ड्स १९९६मध्ये गेले होते आणि ड्रमवादक टोनी थॉम्पसन २००३मध्ये. 'गेट लकी'त रॉजर्स यांचा उजवा हात सुरू होतो, तेव्हा मला त्या दोन रिकाम्या खुर्च्या आठवतात. डोना समर १७ मे २०१२ला गेल्या आणि हा अल्बम १७ मे २०१३ला आला. तारखा जुळणं हा योगायोग आहे, पण मोरोडर बोलू लागले की मी तो विसरू शकत नाही. ही बोलावणी आणखी दहा वर्षं लांबली असती तर?

यंत्र सोडलं, हेही तितकंसं खरं नाही. बाराव्या 'डुइंग इट राइट'मध्ये पांडा बेअर या गायकाचा आवाज आहे आणि बाकी सगळं इलेक्ट्रॉनिक. या अल्बमसाठी शेवटी ध्वनिमुद्रित झालेलं गाणं तेच. अकरा गाणी माणसांच्या हातचा ठोका ऐकून कान तयार झाले की मग तो यंत्राचा ठोका ऐका. किती मोठा आणि एकटा वाटतो! मला दोन्ही हवेत. यंत्राची खरी चव मला या अल्बमने दिली, हे तुम्हाला मनापासून सांगते.

एका गोष्टीत मी तुमच्या बाजूची आहे. सातवं 'टच' हे गाणं अडीचशे ध्वनितुकड्यांचं आहे, वाद्यवृंद आणि समूहगान धरून, आणि मधे ते स्वतःच्याच वजनाखाली वाकतं. गायक पॉल विल्यम्स यांचा थकलेला, कापरा आवाज सुरुवातीला आणि शेवटी एकटा येतो, तिथे ते जिवंत आहे. मधल्या पसाऱ्यातलं निम्मं मी फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची खुंटी, खाली ओढून काढून टाकलं असतं.

प्रश्न : या जोडीचा कार्यक्रम प्रत्यक्ष पाहायची इच्छा आहे. पुढचा दौरा कधी?

उत्तर : वाईट वाटतं सांगायला. २२ फेब्रुवारी २०२१ला त्यांनी एका चित्रफितीतून निरोप घेतला. या अल्बमसाठी दौरा त्यांनी केलाच नाही. अल्बम जगासमोर आला तो ऑस्ट्रेलियातल्या वी वॉ या कापूस पिकवणाऱ्या छोट्या गावात, तिथल्या वार्षिक शेती प्रदर्शनात. मैदानात दिव्यांची नाचाची फरशी टाकली होती आणि हे दोघं स्वतः तिथे नव्हते. २०१४च्या ग्रॅमी सोहळ्यात मात्र स्टीव्ही वंडर, रॉजर्स, 'गेट लकी'चे गायक फॅरेल विल्यम्स, ईस्ट आणि हकीम यांच्यासह ते वाजवताना दिसतात. ते चित्रण शोधून पाहा.

प्रश्न : मी सोळा वर्षांची आहे, ड्रम शिकते. या अल्बमची ड्रम नसलेली आवृत्ती मिळाली. नाचाच्या अल्बममधून ड्रम काढले तर उरतं काय? ती कशासाठी काढली असेल?

उत्तर : ती आवृत्ती नोव्हेंबर २०२३मध्ये आली. ती मिळाली यासाठी मला तुझा हेवा वाटतो. माझ्या काळी असं काही ऐकायचं तर मिक्सरपाशी नोकरी लागत असे.

आधी ती तशीच ऐक. ड्रम गेले तरी तुझी मान हलते आहे, हे ध्यानात येईल. 'गिव्ह लाइफ बॅक टू म्युझिक'मध्ये गिटार ताल धरून आहे. बेस मात्रा कुठे पडते ते सांगतोय. म्हणजे ताल ड्रमच्या एकट्याच्या मालकीचा नव्हता, सगळ्यांनी मिळून धरला होता. 'विदिन' ड्रमशिवाय माझ्या मते अधिकच सुंदर झालं आहे.

मग काठ्या हातात घे. 'लूज युवरसेल्फ टू डान्स'पासून सुरुवात कर. मूळ ठेका साधा आहे, किक आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला टाळी. पहिले दोन दिवस एवढंच वाजव, एकही जादा आघात न घेता. हात शिवशिवतील, मधल्या जागा भराव्याशा वाटतील, तरी भरू नकोस. हे इतकं साधं पाच-सहा मिनिटं सारखं ठेवणं किती अवघड आहे ते तुला चौथ्या मिनिटाला कळेल. तिसऱ्या दिवशी स्नेअर केसभर मागे ठेवून पाहा. खूप मागे गेलीस तर गाणं पाय ओढत चालेल, रेघेवर राहिलीस तर कवायत वाटेल. या दोहोंच्या मधली जागा सापडेपर्यंत रोज स्वतःचं ध्वनिमुद्रण कर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या कानांनी ऐक. रात्री सगळं चांगलंच वाटतं.

सापडली असं वाटलं की तो टेक मला पाठव. क्लिक लावून आणि क्लिक काढून, दोन्ही.